नेव्हाडातील द्यूतगृहे आणि त्यांचे अदृश्य भागीदार : पुराव्याच्या अंगाने एक विचार (१९३१ ते १९८६)

अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात कायद्याने चालणारी द्यूतगृहे आणि त्या देशातील संघटित गुन्हेगारांच्या टोळ्या ह्यांचा परस्परसंबंध हा विषय चित्रपटांनी व सनसनाटी पुस्तकांनी इतका चघळला आहे की, त्यात इतिहासाच्या अभ्यासकाला करण्यासारखे काही उरले असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. वस्तुतः परिस्थिती नेमकी उलट आहे. ह्या संबंधाविषयी सर्वांना सर्व काही ठाऊक होते, परंतु सिद्ध मात्र जवळजवळ काहीच होत नव्हते, अशी अवस्था सुमारे पंचवीस-तीस वर्षे टिकून राहिली. संशय आणि पुरावा ह्यांमधील हे अंतर कशामुळे पडले आणि ते पुढे कसे भरून निघाले, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. टोळीनायकांची चरित्रे सांगण्याचा येथे हेतू नाही.

आरंभ १९३१ पासून करावा लागतो. त्या वर्षी १९ मार्च रोजी राज्यपाल फ्रेड बाल्झर ह्यांनी जुगार सर्रास खुला करणाऱ्या विधेयकावर सही केली. नेव्हाडात जुगार त्यापूर्वी कधी नव्हताच असे नाही. १९०९ च्या कायद्याने त्यावर घातलेली बंदी १९१० पासून अंमलात आली होती आणि ती फारशी कोणी पाळीत नव्हते. खाणी बसलेल्या, मंदीची झळ लागलेली आणि लोकवस्ती विरळ असलेल्या त्या राज्याने त्याच सुमारास घटस्फोटासाठी लागणाऱ्या वास्तव्याची मुदतही सहा आठवड्यांवर आणली. इतर राज्ये जे निषिद्ध मानीत होती ते आपण विकावे, असा हा सरळ हिशेब होता. परवाने देण्याचे काम प्रारंभी स्थानिक जिल्हा अधिकाऱ्यांकडे होते. परवाना कोणाला दिला, त्याचे पूर्ववृत्त काय, ह्याची चौकशी करावी असे कोणाच्या मनातही नव्हते.

येथे एका लोकप्रिय कथेचा निरास करणे अवश्य आहे. बेंजामिन सीगल ह्या गुंडाने ओसाड वाळवंटात उभे राहून लास व्हेगासचे स्वप्न पाहिले, अशी ती कथा. ज्या महामार्गावर ही प्रसिद्ध द्यूतगृहे आहेत तेथील पहिले मोठे हॉटेल एल रांचो व्हेगास हे टॉमस हल ह्या हॉटेल-व्यावसायिकाने १९४१ मध्ये उघडले, आणि दुसरे लास्ट फ्राँटियर १९४२ मध्ये निघाले. सीगलचे म्हणून ओळखले जाणारे फ्लेमिंगो हे मुळात बिली विल्कर्सन ह्या हॉलिवुडमधील वृत्तपत्रमालकाने बांधावयास घेतले होते. पैसा अपुरा पडल्यावर ते सीगल व त्याचे पूर्वेकडील पाठीराखे ह्यांच्या हाती गेले. २६ डिसेंबर १९४६ रोजी ते उघडले, आणि २० जून १९४७ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे सीगलचा गोळ्या घालून खून झाला. तो कोणी केला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. कथेचा मोह टाळून पाहिले तर ह्या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट खून ही नसून पैसा अपुरा पडणे ही आहे, असे दिसते.

कारण भांडवल हाच ह्या व्यवसायाचा खरा अडसर होता. प्रतिष्ठित बँका जुगाराच्या धंद्याला कर्ज देण्यास तयार नव्हत्या. शिवाय असे गृह चालविण्याचे कसब, म्हणजे फासे व पत्ते ह्यांवर नजर ठेवणे, लबाड नोकर ओळखणे, कोणास किती उधारी द्यावी हे ठरविणे, हे ज्यांना अवगत होते त्यांनी ते इतर राज्यांतील बेकायदा अड्ड्यांवर शिकलेले होते. सारांश, भांडवल आणि कसब ही दोन्ही ज्यांच्याजवळ होती ती माणसे १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या काळात दारूची चोरटी वाहतूक करून व पुढे अड्डे चालवून वर आलेली होती. नेव्हाडाने त्यांना आमंत्रण दिले नाही, परंतु त्यांच्याशिवाय दुसरे कोणी येण्यासारखेही नव्हते. डेझर्ट इन ह्या हॉटेलचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. विल्बर क्लार्क ह्याने ते बांधावयास घेतले. पैसे संपले. क्लीव्हलंड येथील मो डॅलिट्झ आणि त्याचे सोबती पुढे आले, आणि एप्रिल १९५० मध्ये हॉटेल उघडले तेव्हा पाटीवर नाव क्लार्कचे असले तरी मोठा हिस्सा त्यांचा होता. ह्या डॅलिट्झला राज्याने परवाना दिला. त्याच्या पूर्वायुष्याची माहिती गुप्त होती असे नव्हे.

१९५० च्या मे महिन्यात सेनेटर एस्टेस कीफॉव्हर ह्यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन सेनेटने संघटित गुन्हेगारीच्या चौकशीसाठी खास समिती नेमली. समितीने चौदा शहरांत साक्षी घेतल्या. लास व्हेगासच्या वाट्याला १५ नोव्हेंबर १९५० हा एकच दिवस आला. परंतु तेवढ्या एका दिवसात जे उघड झाले ते गुंडांविषयी नसून राज्यकर्त्यांविषयी होते. उपराज्यपाल क्लिफर्ड जोन्स ह्यांचे द्यूतगृहांत भाग होते, आणि ज्या कर-आयोगाकडे परवाने देण्याचे काम आले होते त्याचे एक सदस्य विल्यम मूर हे स्वतःच लास्ट फ्राँटियरच्या चालकांपैकी होते. ह्यात बेकायदा असे काही नव्हते, आणि साक्षीदारांनाही त्यात लपविण्यासारखे काही वाटले नाही. ज्या इमारतीत ही सुनावणी झाली तीत १४ फेब्रुवारी २०१२ पासून संघटित गुन्हेगारीविषयीचे संग्रहालय आहे, आणि सुनावणीची खोलीही तेथे पाहावयास मिळते.

कीफॉव्हर समितीचा परिणाम मात्र विपरीत झाला. तिच्या गाजावाजामुळे इतर राज्यांतील बेकायदा अड्ड्यांवर धाडी पडू लागल्या, आणि तेथून उठलेली माणसे, जेथे त्यांचा धंदा कायदेशीर होता त्या एकमेव राज्याकडे वळली. नेव्हाडाचे सेनेटर पॅट मॅकॅरन ह्यांनी द्यूतगृहांवर दहा टक्के केंद्रीय कर बसविण्याची सूचना हाणून पाडण्यासाठी आपले सर्व वजन खर्च केले. तो कर बसता तर धंदाच बुडाला असता, ही त्यांची भीती खोटी नव्हती.

आता ह्या धंद्यातील पैशाचा प्रवास कसा होतो हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पुराव्याचा सर्व प्रश्न तेथेच अडकलेला आहे. दुकानदार माल विकतो तेव्हा मालाची आवक व शिल्लक ह्यांवरून विक्रीचा पडताळा घेता येतो. द्यूतगृहात मालच नसतो. खेळाच्या प्रत्येक मेजाखाली कुलूपबंद पेटी असते, तीत नोटा पडतात, त्या पेट्या मोजणीच्या खोलीत नेल्या जातात, आणि तेथे जो आकडा वहीत लिहिला जातो तोच त्या दिवसाचा जगाला ज्ञात होणारा उतारा. वहीत नोंद होण्यापूर्वी काही नोटा बाजूला काढल्या तर त्यांचा मागमूस उरत नाही. ह्या क्रियेला तेथील लोक जो शब्द वापरीत त्याचा अर्थ आपल्या ‘मलई काढणे’ ह्या शब्दप्रयोगाने तंतोतंत व्यक्त होतो.

ही मलई म्हणजे केवळ करचुकवेगिरी होय, असे पुष्कळदा लिहिले जाते. प्रस्तुत लेखकाला ते अपुरे वाटते. राज्याने १९४५ मध्ये ढोबळ उत्पन्नावर एक टक्का कर बसविला आणि १९४७ मध्ये तो दोन टक्के केला. एवढा अल्प कर चुकविण्यासाठी असा धोका पत्करण्याचे कारण नव्हते. केंद्राचा प्राप्तिकर भारी होता हे खरे. परंतु मुख्य कारण निराळे होते. ज्यांनी भांडवल पुरविले त्यांतील कित्येकांना परवाना मिळणे शक्य नव्हते. त्यांची मालकी बेनामी होती. अशा भागीदारास लाभांश द्यावयाचा तर तो वहीबाहेरूनच द्यावा लागणार. तेव्हा मलई ही चोरी होती तशीच ती लाभांशाची वाटणीही होती, आणि वाटणी म्हटली की हिशेब आला. शिकागोत किंवा कॅन्सस सिटीत बसलेल्या माणसाला लास व्हेगासातील मोजणीच्या खोलीत काय घडले हे कळणार कसे? विश्वास नसलेल्या भागीदारांना कागद लागतो. ह्या मंडळींविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या स्वतःच्या टिपणांतून मिळाला, ह्याचे मर्म ह्यात आहे.

अशा कागदाचा पहिला नमुना अगदी योगायोगाने हाती आला. २ मे १९५७ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये फ्रँक कॉस्टेलो ह्या प्रख्यात टोळीनायकावर गोळी झाडण्यात आली. ती डोक्याला चाटून गेली आणि तो वाचला. रुग्णालयात पोलिसांनी त्याचे कपडे तपासले तेव्हा खिशात एक चिठ्ठी सापडली. २७ एप्रिल १९५७ पर्यंतचे द्यूतगृहाचे ढोबळ उत्पन्न ६,५१,२८४ डॉलर, असा तीत उल्लेख होता. त्याखाली फोड होती : उधारीच्या चिठ्ठ्या वजा जाता मेजांवरील उत्पन्न ४,३४,६९५, यंत्रांचे उत्पन्न ६२,८४४, उधारीच्या चिठ्ठ्या १,५३,७४५. बेरीज बरोबर जुळते. लास व्हेगास येथील ट्रॉपिकाना हे हॉटेल त्याच एप्रिल महिन्याच्या प्रारंभी उघडले होते, आणि त्याच्या पहिल्या चोवीस दिवसांच्या उत्पन्नाशी हा आकडा जुळला. कॉस्टेलोने खुलासा करण्याचे नाकारले व त्याबद्दल अल्पकाळ तुरुंगवास भोगला. त्याचा जुना सहकारी फिल कास्टेल ह्याला ट्रॉपिकानातून बाजूला व्हावे लागले.

ही चिठ्ठी इतक्या ठिकाणी उद्धृत झाली आहे, पण ती नेमके काय सिद्ध करते ह्याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. मलई काढल्याचा पुरावा ती नाही. उलट तीतील आकडा हॉटेलच्या पुस्तकातील आकड्याशी जुळला म्हणूनच ती ओळखू आली. कॉस्टेलोला किती पैसे मिळाले हेही तीत नाही. न्यूयॉर्कमधील एका माणसाला, ज्याचे नाव परवान्याच्या कोणत्याही कागदावर नव्हते, त्या हॉटेलचे पैन्‌पैचे उत्पन्न कळविले जात होते, एवढेच ती सांगते. परंतु हिशेब पाहण्याचा अधिकार मालकालाच असतो. इतिहासाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे. न्यायालयाच्या दृष्टीने ते पुरेसे नव्हते.

राज्य सरकार ह्या काळात अगदी निष्क्रिय होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५५ मध्ये द्यूतनियंत्रण मंडळ स्थापन झाले. १९५९ मध्ये राज्यपाल ग्रँट सॉयर ह्यांच्या कारकीर्दीत परवान्यांचे काम कर-आयोगाकडून काढून घेऊन स्वतंत्र द्यूत-आयोगाकडे देण्यात आले. १९६० मध्ये अकरा व्यक्तींची एक यादी प्रसिद्ध करण्यात आली, आणि ह्या व्यक्तींना कोणत्याही परवानाधारक द्यूतगृहात पाऊल टाकू देऊ नये असा हुकूम झाला. हीच ती प्रसिद्ध ‘काळी वही’ होय. तीतील मार्शल कैफॅनो ह्याने न्यायालयात दाद मागितली, पण १९६६ मध्ये अपील न्यायालयाने यादी वैध ठरविली. १९६३ मध्ये यादीतील सॅम जियानकाना हा शिकागोचा टोळीप्रमुख ताहो सरोवराकाठच्या कॅल-नेव्हा ह्या विश्रामगृहात राहिल्याचे आढळले, आणि त्या विश्रामगृहाचे एक मालक, सुप्रसिद्ध गायक फ्रँक सिनात्रा, ह्यांना परवाना सोडावा लागला. एवढ्या लोकप्रिय माणसावर हात टाकण्याचे धैर्य मंडळाने दाखविले हे नमूद केलेच पाहिजे. तथापि यादीत इटालियन नावेच अधिक असावीत, आणि डॅलिट्झसारख्याचे नाव मात्र परवानाधारकांत असावे, हा विसंगतीचा आक्षेपही खोडून काढता येत नाही. काळी वही ही गुन्हेगारीला जितकी उद्देशून होती तितकीच वॉशिंग्टनला दाखविण्यासाठीही होती, असे मला वाटते.

वॉशिंग्टनला दाखविण्याची गरज होतीच. १९६१ पासून केंद्रीय तपासखात्याने लास व्हेगासमधील द्यूतगृहांच्या कचेऱ्यांत गुप्त श्रवणयंत्रे बसविली. त्यांतून मलई कोणाकडे किती जाते ह्याची विपुल माहिती मिळाली. परंतु न्यायालयाची अनुमती न घेता ऐकलेले हे संभाषण पुरावा म्हणून निरुपयोगी होते. पुढे ही गोष्ट फुटली तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी तपासखात्यावर आली. जे ठाऊक झाले होते ते बोलता येत नव्हते. फ्लेमिंगोमधून १९६० ते १९६७ ह्या काळात सुमारे तीन कोटी साठ लक्ष डॉलर काढले गेल्याचा आरोप १९७१ मध्ये मायर लान्स्की व इतरांवर ठेवण्यात आला. इतरांपैकी काहींनी गुन्हा कबूल केला, लान्स्कीवरील खटला प्रकृतीच्या कारणास्तव कधी उभाच राहिला नाही. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने न्यायाधीशाच्या आदेशाने संभाषण ऐकण्याची तरतूद केली, आणि १९७० च्या कायद्याने टोळीच्या एकत्रित व्यवहाराबद्दल खटला भरणे शक्य झाले. संशयाचे रूपांतर पुराव्यात होण्याची वाट ह्या दोन कायद्यांनी मोकळी केली.

दरम्यान भांडवलाचा मार्ग बदलला होता. टीमस्टर्स ह्या मालमोटारचालकांच्या बलाढ्य संघटनेचा मध्यवर्ती राज्यांसाठीचा निवृत्तिवेतन निधी १९५५ मध्ये सुरू झाला, आणि जिमी हॉफा ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यातून लास व्हेगासला कर्जे मिळू लागली. सीझर्स पॅलेस, डेझर्ट इन, स्टारडस्ट, फ्रीमाँट, अशा कित्येक ठिकाणी हा पैसा गेला. त्यातूनच एक रुग्णालयही उभे राहिले, आणि ते उभारणाऱ्यांत डॅलिट्झ होता. ह्या कर्जांना सरसकट लूट म्हणता येणार नाही. अनेक हॉटेलांनी ती फेडली. पण कर्ज कोणाला द्यावयाचे हे ठरविण्यात टोळीप्रमुखांचा शब्द चालत असे, आणि तो पैसा रात्रंदिवस मालमोटारी हाकणाऱ्या माणसांच्या म्हातारपणाची पुंजी होता. ह्या विषयावरील लेखनात त्या मोटारचालकांचा उल्लेख इतका क्वचित येतो ह्याचे आश्चर्य वाटते.

१९६६ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड ह्यूजेस हा अब्जाधीश डेझर्ट इनमध्ये उतरला आणि पुढल्या वर्षी ते हॉटेलच त्याने विकत घेतले, पाठोपाठ सँड्स, फ्राँटियर इत्यादी. १९६७ व १९६९ च्या कायद्यांनी सार्वजनिक भागीदारीच्या कंपन्यांना द्यूतगृहे चालविण्याची मुभा मिळाली. तोपर्यंत प्रत्येक भागधारकाला परवाना आवश्यक असल्याने मोठ्या कंपन्यांना येणेच अशक्य होते. ह्यूजेसने गुंडांना हुसकले हा समज पसरला तो ह्याच वेळी. पुढील हकीकत पाहता तो समज टिकत नाही.

१९७४ मध्ये ॲलन ग्लिक ह्या तरुण जमीन-व्यावसायिकाला वरील निवृत्तिवेतन निधीने सहा कोटी सव्वीस-सत्तावीस लक्ष डॉलरचे कर्ज दिले आणि त्यातून त्याच्या आर्जेंट कंपनीने स्टारडस्ट व फ्रीमाँट घेतले. कारभार मात्र फ्रँक रोझेंथाल पाहू लागला. १९७६ मध्ये त्याला परवाना नाकारण्यात आला, तेव्हा तो वेगवेगळ्या हुद्द्यांच्या नावांखाली तेथेच राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात नियंत्रण मंडळाच्या निरीक्षकांनी स्टारडस्टवर अचानक छापा घातला, आणि यंत्रांतील नाणी तोलणारा काटाच खोटा असल्याचे आढळले. तो नाण्यांचे वजन सुमारे एकतृतीयांशाने कमी दाखवी. वाचलेली नाणी सुट्ट्या पैशांच्या खिडक्यांतून नोटांत बदलून घेतली जात. एकूण रक्कम सत्तर लक्ष डॉलरच्या घरात असावी असा अंदाज करण्यात आला. यंत्रविभागाचा प्रमुख पसार झाला. (ह्याच १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने द्यूतगृहांच्या नियंत्रणाचा व करआकारणीचा एक कायदा संमत केला होता. तो कधीच अंमलात आणला गेला नाही व २०२३ मध्ये रद्द झाला. परवान्याने जुगाराचे नियंत्रण होऊ शकते, ही त्यामागील कल्पना नेव्हाडाच्या त्या वर्षीच्या अनुभवाशी ताडून पाहण्यासारखी आहे.)

अखेरची फोड लास व्हेगासमध्ये झाली नाही. ती कॅन्सस सिटीत झाली. १९७८ मध्ये तेथील टोळीतील एका खुनाच्या तपासासाठी एका उपाहारगृहात न्यायालयाच्या आदेशाने श्रवणयंत्र बसविले असता, संभाषण अनपेक्षितपणे द्यूतगृहांच्या मालकीकडे वळले. त्या सूत्रावरून पुढे जाता, नोव्हेंबर १९७८ मध्ये एका घराच्या तळघरात कार्ल टॉमस हा द्यूतगृहांचा जाणकार मलई काढण्याच्या निरनिराळ्या पद्धती शिक्षकाप्रमाणे समजावून देत असताना ध्वनिमुद्रित झाला. १४ फेब्रुवारी १९७९ रोजी विमानतळावर ट्रॉपिकानाच्या मलईतील ऐंशी हजार डॉलर अंगरख्यात घेऊन उतरलेला माणूस पकडला गेला. त्याच रात्री कार्ल डेलूना ह्याच्या घराच्या झडतीत त्याची हस्तलिखित टिपणे मिळाली. बैठका, प्रवास, कोणास किती पोचले, स्वतःचा खर्च किती झाला, हे सर्व टोपणनावांनी पण काटेकोरपणे त्यात नोंदले होते. कॉस्टेलोच्या खिशातील चिठ्ठीनंतर बावीस वर्षांनी सापडलेला हा त्याच जातीचा कागद होय. फरक एवढाच की, ह्या वेळी टिपणांना ध्वनिमुद्रणाची जोड होती, आणि ते मुद्रण कायदेशीर होते.

तपासखात्याने ह्या प्रकरणाला ‘बुजगावणे’ ह्या अर्थाचे सांकेतिक नाव दिले होते. त्यात अभिप्रेत असलेला पुतळा म्हणजे आपण ज्याला बेनामीदार म्हणतो तो. ट्रॉपिकानाच्या खटल्याचा निकाल १९८३ मध्ये लागला. आर्जेंटच्या खटल्यात ग्लिक स्वतः सरकारी साक्षीदार झाला, आणि संघटनेचे माजी अध्यक्ष रॉय विल्यम्स ह्यांनी आपण कॅन्सस सिटीच्या टोळीप्रमुखाकडून दरमहा दीड हजार डॉलर घेत होतो असे शपथेवर सांगितले. निधीच्या कर्जांतील मुख्य दुवा ॲलन डॉर्फमन साक्ष देऊ शकला नाही. २० जानेवारी १९८३ रोजी शिकागोजवळ त्याचा खून झाला होता. जानेवारी १९८६ मध्ये शिकागोचे जोसेफ आयुप्पा, जॅक सेरोन व इतर दोषी ठरले आणि त्यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. त्यापूर्वीच, १९८५ मध्ये, स्टारडस्ट बॉइड कंपनीकडे गेले होते. मधल्या काळात ज्यांच्या हाती ते होते त्यांच्याकडेही मलईच आढळल्याने त्यांचा परवाना गेला होता.

ह्या सर्व प्रकरणांतील रकमांची बेरीज करून एकंदर किती पैसा बाहेर गेला हे सांगण्याचा मोह अनेक लेखकांना झालेला आहे. ती बेरीज करता येणार नाही. फ्लेमिंगोचे तीन कोटी साठ लक्ष हे आरोपपत्रातील आहेत, स्टारडस्टच्या यंत्रांचे सत्तर लक्ष हा अंदाज आहे, आर्जेंटच्या खटल्यातील सुमारे वीस लक्ष आणि ट्रॉपिकानाचे दोन लक्ष ऐंशी हजार हे ज्याचा माग लागला तेवढेच आहेत. चारही आकडे डॉलरमध्ये असले तरी ते एका जातीचे नव्हेत. ६,५१,२८४ हा आकडा मात्र निःसंशय खरा आहे, आणि त्यातून एक सेंटही चोरीस गेल्याचे सिद्ध झालेले नाही.